चित्र कोणाचे, नोंद कोणाची?

ग्रंथालयाच्या तालिकेतील नोंद वरकरणी रुक्ष दिसते, कारण कर्त्याचे नाव, शीर्षक, साल, माध्यम, कागदाचे माप आणि दाखल क्रमांक यांपलीकडे तिच्यात फारसे काही नसते. छापील पुस्तकाची ही माहिती बहुतेक वेळा त्याच्या शीर्षकपानावरून सरळ उतरवून घेता येते. जुनी रेखाटने, मुद्राचित्रे आणि हस्तलिखिते यांच्या बाबतीत मात्र ती पुष्कळदा कागदावर लिहिलेलीच नसते आणि तालिकाकाराला ती शोधून, ताडून, प्रसंगी तर्काने ठरवावी लागते. त्यामुळे अठराव्या शतकातील इंग्रजी चित्रसंग्रहाचे तालिकीकरण हे निम्मे कारकुनी आणि निम्मे तपासाचे काम ठरते, आणि त्यात घेतलेला एखादा निर्णय पुढच्या दोन-तीन पिढ्यांच्या अभ्यासकांना, बहुधा त्यांच्या नकळत, बांधून टाकतो.

या कामाचे एक उदाहरण मराठी वाचकाला जवळचे वाटावे असे आहे. अमेरिकेतील न्यू हेवन येथे येल विद्यापीठाचे ब्रिटिश कलेचे केंद्र आहे. पॉल मेलन या संग्राहकाच्या देणगीतून ते उभे राहिले, आणि वास्तुशिल्पी लुई कान यांनी आखलेली त्याची इमारत १९७७ मध्ये खुली झाली. तेथील रेखाटने आणि हस्तलिखिते यांच्यात पेशवाईतील पुण्याचा बराच ऐवज आहे, कारण पुणे दरबारातील कंपनीचा रेसिडेंट चार्ल्स वॉर मॅलेट, त्याच्या आश्रयाने काम करणारा स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स, वेल्सचा मदतनीस रॉबर्ट मेबन आणि पुण्याचे गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट यांच्या हातचे कागद फिरत फिरत तेथे पोहोचले. वेल्सची रोजनिशीही तेथेच आहे. ‘ब्रिटिश कला’ या पाटीखाली पुण्याच्या तांबटाचे चित्र सापडावे, ही विसंगती तालिकाकाराने निर्माण केलेली नसली तरी ती निस्तरण्याचे काम त्याच्याच वाट्याला येते.

या कामाचा पहिला नियम असा की, वस्तूवर जे लिहिले आहे ते आणि तालिकाकाराने आपल्या बुद्धीने जे ठरवले आहे ते, यांची सरमिसळ होऊ द्यायची नाही. चित्राखाली छापलेले शीर्षक त्यातील चुकांसह जसेच्या तसे उतरवायचे. शीर्षक नसेल आणि ते आपण दिले असेल, किंवा साल अंदाजाने ठरवले असेल, तर ते चौकोनी कंसात टाकायचे, अशी इंग्रजी-अमेरिकी ग्रंथालयांची रीत आहे. कर्त्याच्या नावाबाबतही अशीच पायऱ्यांची भाषा रूढ आहे: सही किंवा भक्कम पुरावा असेल तर नुसते नाव, शैलीवरून तर्क केला असेल तर ‘अमुकच्या नावे मानलेले’, मूळ चित्र दुसऱ्याचे असून हे त्यावरून केले असेल तर ‘अमुकच्या चित्रावरून’, आणि काहीच सांगता येत नसेल तर ‘अज्ञात’. घाईत असलेला वाचक हे शब्द गाळून फक्त नाव टिपून घेतो, आणि असे दोन-तीन वेळा झाले की तर्काचे वस्तुस्थितीत रूपांतर होते.

मुद्राचित्राच्या बाबतीत तालिकाकाराला थोडा आधार असतो. तांब्याच्या पत्र्यावर कोरून, त्यात शाई भरून, ओलसर कागदावर दाबयंत्राने छाप घेतली की पत्र्याच्या कडांचा दाब कागदावर उमटतो, आणि या खोलगट चौकटीवरून चित्र हाताने काढलेले की छापलेले हे पुष्कळदा ओळखता येते. अर्थात कोणी कागद चौकटीच्या आत कापला नसेल तर. खालच्या समासात डावीकडे मूळ चित्र काढणाऱ्याचे आणि उजवीकडे कोरणाऱ्याचे नाव बारीक अक्षरांत असते, त्यापुढील ‘डेल.’ आणि ‘स्कल्प.’ ही लॅटिन क्रियापदांची संक्षिप्त रूपे असून त्यांचा अर्थ अनुक्रमे ‘रेखाटले’ आणि ‘कोरले’ असा होतो. प्रकाशनाची तारीख आणि मालकाचे नाव पत्र्यावर कोरण्याची सक्ती १७३५ च्या कायद्याने आली. नकलाकारांना वैतागलेल्या विल्यम होगार्थ या चित्रकाराने त्या कायद्यासाठी पुढाकार घेतला होता, आणि आपली एक चित्रमालिका तो अमलात येईपर्यंत त्याने बाजारात आणलीच नाही. त्याच्या या हिशेबी सबुरीचा फायदा आजच्या तालिकाकाराला रोज होतो, कारण त्या कायद्यानंतरच्या इंग्रजी मुद्राचित्रांवर बहुधा दिवस, महिना आणि साल आयतेच मिळते. तरी तेही डोळे झाकून घेता येत नाही. त्याच पत्र्यावर पुढे फेरफार करून नव्याने छापी काढल्या जात आणि जुनी तारीख तशीच राही, म्हणून पत्र्याची ‘अवस्था’ कोणती, म्हणजे कितव्या फेरफारानंतरची ही छाप आहे, हेही नोंदवावे लागते.

हाताने काढलेल्या चित्रावर अशी ओळ नसते, तेथे कागद बोलतो. तो उजेडासमोर धरला की साच्याच्या तारांच्या रेघा आणि गिरणीचे जलचिन्ह दिसते; इंग्लंडमध्ये १७९४ च्या एका कायद्याने, कागद निर्यात करताना करसवलत हवी असेल तर जलचिन्हात साल घालणे भाग पाडले, आणि भारतात आलेल्या इंग्रजी कागदावर त्यामुळे ‘जे. व्हॉटमन’ अशा नावासोबत साल वारंवार आढळते. जलचिन्हातील साल चित्राची तारीख सांगत नाही, पण चित्र त्याआधीचे नाही एवढे निश्चित सांगते. १७९० चे म्हणून आलेल्या चित्राच्या कागदात १८०१ दिसले, तर ती नंतरची नक्कल आहे हे मान्य करण्यावाचून गत्यंतर नसते, मग त्यावर सही कोणाचीही असो.

हस्तलिखितात तारीख लिहिलेली असूनही ती फसवते. इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले चोवीस दिवस मागच्या सालात मोजले जात. शिवाय इंग्रजी पंचांग युरोपातील सुधारित पंचांगाच्या मागे पडले होते, आणि ती तूट भरून काढण्यासाठी १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. शिवाजी महाराजांनी सुरतेवर पहिली स्वारी केली ती जानेवारी १६६४ मध्ये. तेथील इंग्रज वखारवाल्यांच्या हिशेबाने तो जानेवारी १६६३ चा होता. अशा पत्राची नोंद करताना जाणकार तालिकाकार १६६३/६४ असे दुहेरी साल देतो. ज्याला हे ठाऊक नाही तो पत्र एका वर्षाने मागे नेतो आणि पत्रात आलेली घटनाही त्यासोबत मागे जाते.

गंगाराम तांबटांच्या चित्रांकडे या सगळ्या तपासाच्या नजरेने पाहण्यासारखे आहे. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे त्यांनी काढलेले जलरंगातील चित्र येलच्या संग्रहात असून त्याचा काळ नोव्हेंबर १७९० असा नोंदवलेला आहे. वेल्सने सवाई माधवरावांच्या आश्रयाने शनिवारवाड्यात चित्रशाळा काढली, तेथे गंगाराम शिकले आणि विलायती पद्धतीने चित्रे काढू लागले, असे ढोबळमानाने सांगितले जाते. पण वेल्स मुंबईला उतरला तोच १७९१ मध्ये. म्हणजे गुरू या देशात येण्याआधीच शिष्याचा हात जनावराच्या अंगावरील छायाप्रकाश धरू लागला होता, आणि गंगाराम मॅलेटकडे जे शिकले ते सगळे वेल्समुळे, हे म्हणणे एका तारखेपुढे टिकत नाही. चित्रावरील तारीख नोंदवण्याचा कोणी कंटाळा केला असता, तर ही गोष्ट ध्यानात येणे फार कठीण होते.

वेरूळच्या चित्रांत हा पेच अधिक घट्ट होतो. गंगारामांनी मॅलेटसाठी वेरूळची लेणी रेखाटली. वेल्सनेही ती रेखाटली आणि १७९५ मध्ये तो मरण पावला. पुढे टॉमस डॅनियल या इंग्रज चित्रकाराने वेरूळची चोवीस दृश्ये १८०३ मध्ये लंडनला प्रसिद्ध केली, तेव्हा शीर्षकपानावर वेल्सची रेखाटने आणि डॅनियलचे कोरीव काम एवढाच उल्लेख आला. जसेच्या तसे उतरवण्याचा नियम पाळणारा तालिकाकार या दोन नावांपलीकडे जाऊ शकत नाही. गंगारामांना जागा द्यायची तर ती टिपेतच देता येते. याच डॅनियलने १८०५ मध्ये रॉयल अकादमीत मांडलेले, मॅलेट आणि पेशवे यांच्या १७९० च्या तहाचे भव्य दरबारचित्र आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. प्रसंग घडला तेव्हा वेल्स भारतात आलेला नव्हता आणि डॅनियलने ते वेल्सच्या अभ्यासचित्रांवरून रंगवले. अशा चित्राला एकच साल देणारी नोंद चुकीची नसली तरी अपुरी असते.

लंडनच्या इंडिया ऑफिस ग्रंथालयाने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला, किंवा टाळला असे म्हणावे. ईस्ट इंडिया कंपनीने १८०१ मध्ये स्थापन केलेल्या या ग्रंथालयातील चित्रे मिल्ड्रेड आर्चर यांनी अनेक वर्षे खपून लावली. त्यांची ‘ब्रिटिश’ रेखाटनांची दोन खंडांची तालिका १९६९ मध्ये आणि ‘कंपनी’ चित्रांची, म्हणजे इंग्रज गिऱ्हाइकांसाठी भारतीय चित्रकारांनी काढलेल्या चित्रांची, तालिका १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. या तालिकांचे उपकार मोठे आहेत आणि त्यांच्यावाचून पुढच्या कोणाही अभ्यासकाचे पान हललेले नाही. पण गिऱ्हाईक एक, विषय एक, कागदही कदाचित एकाच रिमातला, आणि तरी चित्रकाराच्या जन्मावरून दोन चित्रे दोन ग्रंथांत गेली. मॅलेट धरून चौघे मिळून जे काम करत होते ते अशा विभागणीत दिसतच नाही. येलमध्ये २०११ मध्ये भारतातील ब्रिटिशांच्या या दप्तरावर प्रदर्शन भरले, तेव्हा ही मंडळी पुन्हा एकत्र पाहायला मिळाली.

नावांचा घोळ निस्तरण्यासाठी ग्रंथालये ‘प्राधिकृत नोंद’ ठेवतात, म्हणजे एका व्यक्तीची सगळी नावे आणि लेखनरूपे एका मान्य रूपाशी जोडून ठेवलेले टाचण. त्यात ‘तांबट’ हे आडनाव मानायचे की व्यवसायदर्शक ओळख, आणि ‘नवगिरे’चे काय करायचे, हा प्रश्न न्यू हेवनमधल्या कारकुनापेक्षा कसबा पेठेतला माणूस चटकन सोडवील. आज येलच्या ताब्यातील, स्वामित्वहक्क संपलेल्या पुष्कळ चित्रांच्या प्रतिमा घरबसल्या मोफत उतरवून घेता येतात. मात्र शोध घेताना पुणे, शिंदे आणि फडणवीस अशी आजची रूपे देऊन थांबू नये, कारण शीर्षके जशीच्या तशी उतरवलेली असल्याने पुष्कळ नोंदी अजून ‘पूना’, ‘सिंदिया’ आणि ‘फर्नवीस’ या जुन्या इंग्रजी लेखनाखालीच सापडतात.