चित्र कोणास दाखवावें?

गेल्या वर्षीं आमच्या एका विद्यार्थ्यानें लोणार येथील दैत्यसूदन मंदिराचें चित्र काढून आणिलें. दगडांवरील कोरीव काम त्यानें मोठ्या परिश्रमानें उतरविलें होतें. आम्हीं तें वर्गासमोर उंच धरून दाखविलें व "शाबास" म्हटलें. घरीं गेल्यावर त्यानें तें मोबाइलवरून इन्स्टाग्रामवर घातलें. दोन दिवसांत सुमारें दोनशें लोकांनीं त्यास पसंतीची खूण दिली. पुढें इंटरमीजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेंत मात्र त्यास साधारण श्रेणी मिळाली. तेव्हां एक तर परीक्षकांनीं अन्याय केला, किंवा दोनशें लोकांनीं आपणांस फसविलें, अशी त्याची समजूत होऊन त्यानें चित्रें काढणेंच सोडून दिलें.

खरी गोष्ट अशी कीं, त्या चित्रांत एका खांबाची सावली डावीकडे व दुसऱ्याची उजवीकडे पडली होती. दोनशें जणांपैकीं कोणींही तें सांगितलें नाहीं. आणि लाजेनें कबूल करावें लागतें कीं, आम्हींही सांगितलें नाहीं. म्हणून होतकरू चित्रकारानें आपलें काम कोणास दाखवावें, हा प्रश्न विद्यार्थी व पालक यांजपुढें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

चित्र दाखविण्याच्या जागा दोन प्रकारच्या आहेत. कुस्तीची उपमा घेऊं. कुस्तीचा फड जत्रेंत रंगतो. परंतु पैलवान तयार होतो तो तालमींत. फडांत हजारों लोक टाळ्या वाजवितात, पण पाय कोठें चुकला हें त्यांतील कोणी सांगत नाहीं. तालमींत टाळी नसते. तेथें वस्ताद व बरोबरीचे गडी रोज तोच डाव पुन्हां पुन्हां करावयास लावितात.

ह्या दोन जागांचें कार्य कसें चालतें, याचें उत्तम उदाहरण मुंबईंत घडलें आहे. तेथील बाँबे आर्ट सोसायटी ही संस्था १८८८ सालीं स्थापन झाली. तिचें वार्षिक प्रदर्शन हा चित्रकारांचा फडच होय. १९४७ सालच्या प्रदर्शनांत मकबूल फिदा हुसेन यांच्या चित्रास पारितोषिक मिळालें. पंढरपुरास जन्मलेले हे गृहस्थ त्यापूर्वीं सिनेमाच्या जाहिरातींचे फलक रंगवून पोट भरीत. त्याच वर्षीं गोव्यांतील साळगांवचे फ्रान्सिस न्यूटन सूझा यांनीं त्यांस आपल्या नव्या मंडळांत बोलाविलें. सय्यद हैदर रझा, कृष्णाजी आरा, शिल्पकार सदानंद बाक्रे आणि आपल्या वऱ्हाडांत, अमरावती जिल्ह्यांत जन्मलेले हरी अंबादास गाडे हे बाकीचे चौघे. ह्या सहा जणांचें मंडळ 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' या नांवानें प्रसिद्ध आहे.

युरोपांतून मुंबईस आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर व कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडेन यांचें ह्या तरुणांस मोठें साहाय्य झालें. लँगहॅमर यांच्या घरीं तरुण चित्रकार जमत आणि तेथें चित्रांची चर्चा चाले. पुढें १९४९ सालीं ह्या मंडळानें आपलें प्रदर्शन भरविलें. म्हणजे प्रदर्शनानें ओळख करून दिली, पण शिक्षण मंडळींत झालें.

रझा यांची हकीकत तर प्रत्येक विद्यार्थ्यानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. नागपूरच्या चित्रशाळेंत व नंतर मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्यें ते शिकले. १९४६ सालीं सोसायटीचें रौप्यपदक त्यांस मिळालें होतें. १९४८ सालीं काश्मिरांत त्यांची हेन्री कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराशीं गांठ पडली. त्यांनीं चित्रें पाहून सांगितलें कीं, तुमच्या अंगीं कसब आहे, परंतु चित्रांत बांधणी नाहीं. सेझान या चित्रकाराचा अभ्यास करा. पदक मिळविलेल्या मनुष्यास असें ऐकून राग आला असता तर नवल नव्हतें. रझांनीं तें मनावर घेतलें, फ्रेंच भाषा शिकले, व १९५० सालीं शिष्यवृत्ती मिळवून पॅरिसला गेले. तेथेंच १९५६ सालीं समीक्षकांचें पारितोषिक त्यांनीं मिळविलें. एका जाणत्याचें एक वाक्य पदकापेक्षां अधिक उपयोगी पडलें.

आजचें इंटरनेटही या दोन्ही जागा पुरवितें. १९९८ मध्यें निघालेल्या वेटकॅनव्हाससारख्या केवळ चित्रकारांच्या चर्चास्थळांवर अर्धवट चित्र मांडून दोष विचारण्याची प्रथा पडली. झालेली चर्चाही विषयवार राहून दुसऱ्यांच्या उपयोगी पडे. २०१० मध्यें निघालेल्या इन्स्टाग्रामचा धर्म निराळा. पाहणारा क्षणभर थांबतो, खूण करितो व पुढें जातो. ज्यास लोक लवकर प्रतिसाद देतात तें अधिकांपुढें येतें. मग मुलगा जें आवडलें तेंच पुन्हां काढूं लागतो, आणि जें येत नाहीं तें टाळूं लागतो. ह्यांतच खरी हानि आहे.

तथापि फड वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. पुरें झालेलें काम अवश्य लोकांपुढें मांडावें. परंतु अपुरें काम जाणत्या चार जणांस आधीं दाखवावें. दाखवितांना "आवडलें का?" असें विचारूं नये, "प्रकाश कोणत्या बाजूनें येतो असें वाटतें?" असें विचारावें. पालकांनीं नुसतें "छान" म्हणून थांबूं नये. चित्रकला न येणाऱ्या आईसही बैलाचा पाय कसा वांकतो हें चित्रकारापेक्षां अधिक ठाऊक असतें. तेरा वर्षांखालील मुलांस इन्स्टाग्रामवर खातें उघडण्याची मुभा नाहीं, हेंही लक्षांत असावें. आणि दोष दाखविणाऱ्यानें चित्राचा दोष दाखवावा, मुलाचा नव्हे.

यंदा दर शनिवारीं शाळा सुटल्यावर कडुनिंबाखाली आम्ही सात-आठ जण बसतों. पहिल्या दिवशीं आम्हीं स्वतःचें एक चित्र मध्यें ठेविलें; मुलांनीं त्यांत पांच चुका काढल्या, व त्यांतील चार खऱ्या होत्या. तिसऱ्या शनिवारीं तो लोणारच्या मंदिराचा चित्रकार हळूच येऊन मागें बसला. जातांना त्यानें वहींतून एक कागद काढिला व विचारिलें, "सर, सावली आतां बरोबर पडली का?"

एका खांबाची अजून चुकली होती. या वेळीं आम्हीं तें त्यास सांगितलें.