डालड्याचा डबा आणि रक्तातलं एलडीएल

फणसवाडीच्या नाक्यावर सकाळी मिसळीची तर्री उकळू लागली की कोणी ना कोणी कोलेस्टेरॉलचा विषय काढतोच. बदनामी मात्र भलत्याचीच होते. शेंगदाण्याच्या तेलात कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच. ते मिळतं प्राणिज पदार्थांतून, आणि शरीरातलं बहुतेक तर आपलं यकृतच बनवतं. तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ छापणं म्हणजे केळ्यावर ‘बिनकाट्याचं’ असं लिहिणं!

खरा गुन्हेगार इथून फार लांब नव्हता. १९३२मध्ये शिवडीत वनस्पती तुपाचं उत्पादन सुरू झालं, १९३७मध्ये ‘डालडा’ बाजारात आला. हायड्रोजनच्या साहाय्याने तेल अर्धवट घट्ट करताना ट्रान्स फॅट तयार होतं. ते रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढवतं आणि एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, घटवतं. जादा एलडीएल रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून साचत जातं; हा थर फुटला की गुठळी होते आणि झटका येतो. तोवर वर्षानुवर्षं काहीच दुखत नाही, म्हणून तर रक्ततपासणी.

जानेवारी २०२२पासून भारतात तेल-वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. भज्यांच्या कढईत तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं तर थोडं तिथेही तयार होतं.

पथ्य पुरेसं नसेल तिथे स्टॅटिन. जपानच्या अकिरा एन्दो यांनी १९७०च्या दशकात पहिलं स्टॅटिन बुरशीतून मिळवलं. ते यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मिती कमी करतं. रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला म्हणून गोळी परस्पर बंद केली, तर काही आठवड्यांत एलडीएल पुन्हा वर चढतं.