तीच काळी वायर, देश मात्र दुसरा

पुण्यातल्या एखाद्या फ्लॅटचा स्विचबोर्ड उघडला की आत काळी वायर दिसते. ती न्यूट्रल. त्याच घरातला मुलगा नोकरीसाठी न्यू जर्सीला गेला आणि तिथला बोर्ड त्याने उघडला, तर काळी वायर म्हणजे थेट फेज! न्यूट्रल तिकडे पांढरी. आता तिथून ऑस्ट्रेलियाला चला. तिथे काळी पुन्हा न्यूट्रल, आणि थ्री-फेज जोडणीत पांढरी ही फेज. अमेरिकेच्या बरोबर उलट! चीनमध्ये तर तीन फेजचे रंग पिवळा, हिरवा आणि लाल. हिरवासुद्धा? हो, हिरवासुद्धा. आपल्याकडे हिरवी दिसली की अर्थिंग म्हणून आपण निर्धास्त होतो; तिकडे नुसत्या हिरव्या वायरमधून फेज धावत असते.

आतलं तांबं मात्र सगळीकडे सारखंच. वर कुठल्या रंगाचं प्लास्टिक चढवलंय, याचं विजेला काही सोयरसुतक नाही. रंगाचा अर्थ ठरवला तो माणसांनी, आणि तोही ज्याने त्याने आपल्या देशापुरता. बरीच वर्षं त्यात कुणाचं काही अडलं नाही, कारण घर कधी सरहद्द ओलांडत नाही. भिंतीतली वायर भिंतीतच राहते.

सरहद्द ओलांडतात त्या वस्तू. इस्त्री, ड्रिल, टेबल लॅम्प. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात अशा उपकरणांचा व्यापार वाढला आणि एक अंगावर काटा आणणारा घोळ समोर आला. ब्रिटनमध्ये लाल वायर म्हणजे फेज. जर्मनीत लाल वायर म्हणजे अर्थिंग! त्यात ब्रिटनमध्ये बहुतेक उपकरणांना प्लग बसवलेला नसे. वायरची मोकळी टोकं मिळायची, प्लग घरच्यांनी बसवायचा. आता एखाद्या इंग्रज गृहस्थाने जर्मन इस्त्री आणली आणि सवयीने लाल वायर फेजच्या स्क्रूखाली आवळली, तर काय होईल? इस्त्री नवी कोरी, प्लग उत्तम, जोडणी घट्ट. दोष कशातच नाही. आणि तरीही अर्थिंगच्या वायरीतून इस्त्रीच्या लोखंडी अंगात 240 व्होल्ट! जीव वाचवण्यासाठी घातलेली वायरच मृत्यूला थेट मुठीपर्यंत आणून सोडते.

मग युरोपने नवे रंग ठरवले. फेज तपकिरी, न्यूट्रल निळी, अर्थिंग हिरवी-पिवळी. ब्रिटनने उपकरणांच्या वायरींसाठी 1970 च्या सुमारास ते स्वीकारले. पण हेच रंग का? तपकिरी रंग काही कुणाच्या आवडीचा नसतो!

खरी गंमत इथे आहे. युरोपात साधारण बारा पुरुषांमागे एकाला लाल आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही. आणि जुनी ब्रिटिश जोडी कोणती होती? फेज लाल, अर्थिंग हिरवी. ज्या दोन वायरींची अदलाबदल सर्वांत घातक, नेमके त्यांनाच सर्वांत जास्त गल्लत होणारे रंग! म्हणून अर्थिंगला एका रंगाऐवजी पट्टे दिले. रंग नाही कळला तरी पट्टा कळतोच. त्याचा नियमही किती बारकाईने लिहिलाय पाहा: वायरचा कुठूनही 15 मिलिमीटरचा तुकडा घ्या, त्यावर दोन्ही रंग दिसलेच पाहिजेत, आणि एकाही रंगाने 30 टक्क्यांहून कमी किंवा 70 टक्क्यांहून जास्त जागा व्यापता कामा नये. म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढी वायर भिंतीबाहेर डोकावत असली, तरी ती ओळखू यावी.

अमेरिकेतल्या साध्या टेबल लॅम्पच्या जोडवायरीत तर दोन्ही बाजू एकाच रंगाच्या असतात. मग ओळखायचं कसं? बोटांनी! एका बाजूवर बारीक उभ्या रेघा हाताला लागतात, ती न्यूट्रल. गुळगुळीत ती फेज.

उपकरणांचं जमलं, पण भिंतींचं काय? स्वीडनने 1967 मध्ये सगळी वाहनं एका पहाटे डावीकडून उजवीकडे नेली. वायरींचं तसं करता येत नाही. त्या प्लास्टरखाली पुरलेल्या. ब्रिटनने घरांच्या वायरिंगसाठी नवे रंग 31 मार्च 2004 पासून चालवून घेतले आणि 1 एप्रिल 2006 पासून सक्तीचे केले. जुने तीन फेज लाल, पिवळा, निळा, न्यूट्रल काळी. नवे तीन फेज तपकिरी, काळा, करडा, न्यूट्रल निळी. नीट बघा बरं. काळी न्यूट्रलची फेज झाली आणि निळी फेजची न्यूट्रल! ज्या बोर्डात दोन्ही पिढ्यांच्या वायरी एकत्र आल्या, तिथे धोक्याची पट्टी चिकटवावी लागली, हे ओघानेच आलं.

आणि आपण? भिंतीत आपण अजून जुन्या ब्रिटिश वळणाचे. लाल, पिवळा, निळा. वायरमनच्या भाषेत आर-वाय-बी. हा क्रमही महत्त्वाचा बरं का. विहिरीवरच्या थ्री-फेज मोटरच्या कुठल्याही दोन फेजची अदलाबदल करा, मोटर उलटी फिरते. आवाज येतो, पण पाणी धड चढत नाही. मात्र मिक्सरची वायर सोलून पाहिली तर आत तपकिरी, निळी, हिरवी-पिवळी. म्हणजे भिंत एका जमान्यातली आणि मिक्सर दुसऱ्या. दोघांची गाठ पडते ती सॉकेटमध्ये. तुमच्या फ्लॅटला बी फेज आली असेल आणि वायरमनने तीच निळी वायर आत ओढली असेल, तर भिंतीतली निळी फेज आणि मिक्सरची निळी न्यूट्रल. अंतर जेमतेम वीतभर!

तेव्हा प्लग बदलताना तपकिरी एल खुणेच्या स्क्रूखाली, निळी एन खाली, आणि हिरवी-पिवळी वरच्या जाड, लांब पिनेला. आणि भिंतीतल्या वायरीला हात घालायची वेळ आली, तर आधी मेन स्विच बंद करा, टेस्टर लावून खात्री करा. नुसत्या रंगावर जाऊ नका.