भिंतीवरची ओल आणि घरातला खोकला

पावसाळ्यात आजोबांचा खोकला वाढला की 'हवा बदलली' असे म्हणून आपण मोकळे होतो. त्याच वेळी त्यांचा पलंग थोडा पुढे ओढून मागची भिंत एकदा पाहावी. मुंबई, ठाणे, पनवेल किंवा कोकणपट्टीतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये जुलै-ऑगस्टात तेथे काळपट-हिरवट ठिपके आढळण्याचा संभव बराच असतो. ती बुरशी होय. तिचे बीजाणू डोळ्यांना दिसत नाहीत, पण हवेत तरंगत राहतात, आणि दिवसाचे बहुतेक तास त्याच खोलीत घालवणाऱ्या व्यक्तीच्या छातीत ते सर्वांत अधिक जातात. घरोघरी ही व्यक्ती बहुधा सर्वांत वयस्क असते.

ओल आणि बुरशी असलेल्या घरांत दम्याचा व श्वसनाच्या इतर तक्रारींचा धोका वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत नमूद केले आहे. दमा किंवा फुप्फुसांचा जुना विकार असणारे, दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे आणि कर्करोगावर उपचार चालू असलेले यांनी तर विशेष जपावे. एक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. मुलीकडे चार दिवस राहायला गेल्यावर खोकला उणावतो आणि घरी परतताच पुन्हा सुरू होतो, असे होत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. विडी-सिगारेटची चौकशी दवाखान्यात होते. भिंतीची क्वचितच होते.

उपाय करण्यापूर्वी पाणी कोठून येते हे शोधणे अगत्याचे आहे, कारण येथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराची गळती असेल तर छतावर पिवळसर कडेचा डाग दिसतो. बाहेरच्या भिंतीतून पाणी झिरपत असेल तर रंगाचे पोपडे सुटतात. तिसरे कारण म्हणजे घरातलेच बाष्प थंड भिंतीवर दव होऊन बसणे. शंका असल्यास भिंतीचा एखादा भाग पुसून कोरडा करा, त्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवसांनी पाहा. फॉइलच्या खोलीकडच्या अंगाला ओलावा आला असेल तर ते दव. भिंतीकडच्या अंगाला आला असेल तर पाणी भिंतीतूनच येत आहे.

दव धरण्यास आपल्या सवयीही हातभार लावतात. ओले कपडे खोलीत दोरीवर वाळत घालणे ही त्यांतली मुख्य. कपड्यांतले सारे पाणी अखेर त्याच हवेत जाते. दुसरी सवय वातानुकूलन यंत्र अठरा-वीस अंशांवर ठेवण्याची. भर पावसाळ्यात मुंबईची हवा इतकी बाष्पाने भरलेली असते की सुमारे 25 अंशांहून थंड पृष्ठभागावर तिचे पाणी होते. मग यंत्र बंद करून खिडकी उघडली की गार भिंतीला घाम फुटतो. यंत्र 26 अंशांवर ठेवावे. वृद्धांच्या सांध्यांनाही तेच मानवते. 'खिडक्या उघड्या ठेवा' हा सल्लाही सरसकट पाळू नये. स्वयंपाक आणि आंघोळीच्या वेळी एक्झॉस्ट पंखा अवश्य लावावा, पण धो-धो पावसात खिडकी उघडल्याने खोली कोरडी होत नाही. लहानसा आर्द्रतामापक बाजारात मिळतो. आकडा 60 टक्क्यांच्या खाली राहावा, असा प्रयत्न असावा. कपाट आणि पलंग भिंतीपासून चार बोटे दूर सरकवणे हा फुकटचा उपाय; त्याने मागे हवा खेळते. धूप, कापूर यांनी कुबट वास झाकला जातो, इतकेच. धुराने दमा मात्र बळावतो.

बुरशी कोरड्या झाडूने कधीही झटकू नये. बीजाणू घरभर उडतात. एन-95 मास्क व हातमोजे घालून, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने ती पुसावी आणि भिंत पंख्याखाली पूर्ण सुकवावी. तोवर आजी-आजोबांना दुसऱ्या खोलीत बसवावे. ब्लीच वापरलेच तर त्यात संडास साफ करण्याचे अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. डाग तीन फूट लांब-रुंद जागेहून मोठा असेल, तर काम जाणकारावर सोपवावे. वरून रंग फासणे हा उपाय नव्हे. पुढच्या आषाढात ते ठिपके त्याच जागी हजर होतात.

आता घरमालकाचा प्रश्न. 'पावसाळ्यात असे होतेच' हे उत्तर आपण ऐकले असेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 नुसार, विरुद्ध करार नसल्यास, जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही दुरुस्ती झाली नाही, तर ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. ही तरतूद भाडेकरूंसाठी आहे. आज बहुतेक घरे अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर दिली जातात, आणि तेथे करारात काय लिहिले आहे यालाच महत्त्व येते. म्हणून सही करण्यापूर्वी गळती व ओलीच्या दुरुस्तीची जबाबदारी कोणाची, हे एका वाक्यात लिहून घ्यावे. शक्य तर घर ऐन पावसात पाहावे. मे महिन्यात प्रत्येक भिंत कोरडीच असते. आधीच राहत असाल तर डागांची छायाचित्रे तारखेसह ठेवा आणि तक्रार मालकाला लेखी द्या. गळती वरच्या घरातून असेल, तर सोसायटीकडे अर्ज मालकाच्या सहीने जाऊ द्या. डॉक्टरांनी ओलीचा उल्लेख करून चिठ्ठी दिली असेल, तर तिची प्रतही सोबत जोडावी.