कच्चे तेल उतरले, डिझेल का नाही?

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात कपाशीचे ढीग लागले, पण जिनिंग अपुरी पडली, तर कपाशी पडते आणि रुई चढते. तेलाचेही तसेच. मुंबई हायचे तेल हलके, कमी गंधकाचे. आखाती तेल बहुतेक त्याहून जड, गंधकयुक्त. ते स्वस्त मिळते, पण शुद्धीकरणाला महागडी यंत्रे लागतात. बीनाची रिफायनरी २०११ मध्ये सुरू झाली. तिचे कच्चे तेल गुजरातेतील वाडीनारहून पाइपलाइनने येते. २०२२ मध्ये जगभर शुद्धीकरणाची क्षमता तोकडी पडली आणि डिझेल कच्च्या तेलाहून वेगाने महागले. तेल कंपन्यांचा हिशेब तयार डिझेलच्या जागतिक भावावर चालतो. म्हणून संत्र्याच्या बागेतील इंजिनाचा खर्च मोजताना कराबरोबर रिफायनरीची क्षमता आणि तेलाची प्रतही लक्षात घ्या.