डोळे गमावलेला नट

ज्याँ रेन्वारचा 'द रिव्हर' (१९५१) हा बंगालात चित्रित झालेला चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्यातील ताग गिरणीवाल्या इंग्रज कुटुंबाचे वडील आठवत असतील. नाग चावून मुलगा दगावल्यावर हा गृहस्थ फारसे बोलत नाही. त्याचा तो संयम आमच्या मनात राहून गेला. भूमिका करणाऱ्या नटाचे नाव मात्र आम्ही लक्षात ठेवले नव्हते. ते एस्मंड नाइट. चित्रपटातील त्यांची पत्नी, नोरा स्विनबर्न, ही प्रत्यक्षातही त्यांचीच पत्नी. नाइट यांना त्या काळी फार अंधूक दिसत असे, हे आम्हांस पुष्कळ उशिरा कळले.

१९०६ साली जन्मलेले नाइट तरुणपणी देखणे नायक होते. हिचकॉकच्या 'वॉल्ट्झेस फ्रॉम व्हिएन्ना' (१९३४) मध्ये धाकट्या योहान स्ट्राउसची मुख्य भूमिका त्यांच्याकडे होती. युद्ध सुरू झाल्यावर ते आरमारात गेले. २४ मे १९४१ रोजी 'बिस्मार्क' या जर्मन युद्धनौकेशी झालेल्या झुंजीत 'हूड' ही ब्रिटिश नौका काही मिनिटांत बुडाली. तिच्यावरील चौदाशेहून अधिक माणसांपैकी तिघेच वाचले. शेजारच्या 'प्रिन्स ऑफ वेल्स'वर नाइट अधिकारी होते. तोफगोळ्यांच्या माऱ्यात त्यांचा एक डोळा कायमचा गेला आणि दुसऱ्यानेही दिसेनासे झाले.

एखाद्याने येथेच हात टेकले असते. नाइट मात्र पूर्ण अंध असताना 'द सिल्व्हर फ्लीट' (१९४३) या चित्रपटात नाझी अधिकाऱ्याच्या भूमिकेत उभे राहिले! पुढे उपचारांनी उरलेल्या डोळ्याला थोडीफार दृष्टी आली. ऑलिव्हिएच्या 'हेन्री द फिफ्थ' (१९४४) मध्ये ते फ्लुएलन झाले, 'ब्लॅक नार्सिसस' (१९४७) मध्ये हिंदी संस्थानिक. त्या चित्रपटातील हिमालय इंग्लंडातच उभारलेला होता, आणि संस्थानिकाचा पुतण्या झाला होता म्हैसूरकडच्या माहुताचा मुलगा साबू. मायकेल पॉवेलने 'पीपिंग टॉम' (१९६०) मध्ये त्यांना चक्क चित्रपट-दिग्दर्शकाची भूमिका दिली. अधू दृष्टीच्या नटाला असे काम देण्यातला विनोद आम्हांला किंचित बोचतो. नाइट यांना तो बोचला नसावा, नाहीतर त्यांनी ती भूमिका स्वीकारली नसती. एकूण भूमिका बहुधा लहानच. नायकपण गेले ते गेलेच.

त्याच १९६० साली 'सिंक द बिस्मार्क!' पडद्यावर आला. त्यात 'प्रिन्स ऑफ वेल्स'च्या कप्तानाचे काम नाइट यांनी केले. म्हणजे ज्यांच्या हाताखाली आपले डोळे गेले, त्या कप्तान जॉन लीच यांच्या जागी ते उभे राहिले. ते पाहायला लीच मात्र नव्हते. १० डिसेंबर १९४१ रोजी मलायाच्या किनाऱ्याजवळ जपानी विमानांनी 'प्रिन्स ऑफ वेल्स' बुडविली, तीबरोबर तेही गेले. नाइट त्या दिवशी नौकेवर नव्हते. आंधळे झाल्यामुळे त्यांना आधीच किनाऱ्यावर उतरविले होते. १९८७ साली निधन होईपर्यंत ते काम करीत राहिले.