शोधनिबंध आणि त्याचा वाचक (लेखांक पाचवा)

मागील लेखांकात अध्यापनाच्या भाराचा विचार केला. संशोधनाविषयीची प्राध्यापकांची वृत्ती त्या भारापासून निराळी काढता येत नाही. सहायक प्राध्यापकाने आठवड्यास 16 तास प्रत्यक्ष शिकवावे असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा दंडक असून, तास, उत्तरपत्रिका, प्रवेश आणि परीक्षांची कामे यांतच ज्याचे सत्र सरते त्या चेंबूरच्या महाविद्यालयीन अध्यापकास लेखनाची निकड भासते ती बहुधा बढतीची फाईल तयार करावयाची वेळ आली म्हणजेच.

हा त्याच्या आळसाचा पुरावा मानण्यापूर्वी 2010 सालची नियमावली पाहावी. ‘एपीआय’ या नावाने जारी झालेल्या त्या गुणपद्धतीत, तज्ज्ञांनी तपासून छापलेल्या निबंधास 15 गुण, आणि तशी तपासणी न करणाऱ्या परंतु आयएसएसएन क्रमांक असलेल्या नियतकालिकातील निबंधास 10 गुण होते. अंतर इतके अल्प, की वर्षभर खपून एकच निबंध सिद्ध करणाऱ्यापेक्षा शुल्क भरून दोन ‘पेपर टाकणाऱ्या’चे दफ्तर सरस ठरले. परिणाम व्हावयाचा तो झाला. आयोगाच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या, कोणत्याही मान्य सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी शेकडा 88 निकृष्ट असावीत, असा निष्कर्ष पुण्याच्या अभ्यासकांनी 2018 साली मांडला आणि त्याच वर्षी आयोगाने 4,305 नियतकालिके यादीतून काढून टाकली. पुढे ‘केअर’ यादी आली, 2025 साली तीही रद्द झाली. याद्या बदलत गेल्या. निबंध कोणासाठी लिहावयाचा, हे मात्र एकाही परिपत्रकाने विचारले नाही.

वास्तविक चेंबूरच्या अध्यापकास विषयासाठी दूर जावे लागत नाही. देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे, जिचे समाजकार्यविषयक नियतकालिक 1940 साली सुरू झाले. जवळच लोकसंख्याविज्ञानाची राष्ट्रीय कीर्तीची संस्था आहे. परंतु या संस्थांपाशी नसलेली एक गोष्ट महाविद्यालयापाशी आहे: माहुल, गोवंडी, शिवाजीनगर येथून रोज वर्गात येऊन बसणारी मुले. माहुलला तेलशुद्धीकरणाचे कारखाने 1954-55 च्या सुमारास उभे राहिले, त्याच्याही आधीपासून देवनारला शहराचा कचरा पडतो आहे. त्या हवेत वाढलेला विद्यार्थी समोर असता रसायनशास्त्राच्या शिक्षकाने परगावच्या नमुन्यांवर निबंध रचावा, आणि माहुलच्या कोळीवाड्यातील जाळ्यांची, भरती-ओहोटीची नावे म्हाताऱ्यांबरोबर लोपत असता मराठीच्या शिक्षकाने तीच ती समीक्षा पुन्हा लिहावी, याची मला मनापासून खंत वाटते. ती नावे टिपून घेण्यास अनुदान लागत नाही. चार रविवारच्या सकाळी आणि घरी नेणारा एक विद्यार्थी लागतो. अशा निबंधास कोळीवाड्यात वाचक मिळेल, महानगरपालिकेच्या प्रभाग कार्यालयातही मिळेल, मात्र तो मराठीत लिहिलेला असला पाहिजे.

निवड समितीने म्हणूनच निबंधांची संख्या मोजणे सोडून उमेदवाराने स्वतः निवडलेला एकच निबंध आधी वाचावा, आणि मुलाखतीचा अर्धा तास त्याच्यावर घालवावा.